लोकरीची इस्त्री-मॅट : घेतली गोधडीसाठी, लागली विणकामालाही

वहिनी गोधड्या शिवतात आणि मी विणते. आठवड्यातली एक दुपार आम्ही दोघी एकाच टेबलाशी बसतो, त्यांच्या बाजूला मशीन, माझ्या बाजूला सुया आणि लोकरीचे गुंडे. गेल्या वर्षी निम्मे निम्मे पैसे घालून आम्ही एक वस्तू घेतली, इस्त्रीखाली अंथरायची लोकरीची जाड मॅट. वर्षभर ती जवळजवळ रोज वापरात आहे, म्हणून आता तिच्याबद्दल खात्रीने लिहिते आहे. अशा मॅट बऱ्याच कंपन्या बनवतात आणि त्यांत फारसा फरक नसतो. त्यामुळे कंपनीपेक्षा वस्तूबद्दलच बोलते.

दिसायला काहीच नाही. राखाडी रंगाचा, अर्धा इंच जाडीचा, दाबून बसवलेल्या लोकरीचा एक सपाट तुकडा. आमची १७ इंच रुंद आणि २४ इंच लांब आहे. वर खोळ नाही, खाली अस्तर नाही. बोटाने दाबली तर किंचित दबते आणि लगेच वर येते. उचलताना वाटते त्याहून जड लागते. विणणाऱ्या कुणालाही ही वस्तू बघताक्षणी ओळखीची वाटेल. लोकरीचा स्वेटर चुकून गरम पाण्यात खळबळून निघाला की आटून पुठ्ठ्यासारखा होतो ना, ते हेच. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. उष्णता, ओलावा आणि घासणं एकत्र आलं की तंतू एकमेकांत अडकतात आणि पुन्हा सुटत नाहीत. स्वेटरच्या बाबतीत जे आपण जिवापाड टाळतो, ते इथे मुद्दाम घडवलेलं असतं. (काही मॅट पाण्याऐवजी काटेरी सुयांनी टोचून टोचून बनवतात, पण गुंता तोच.)

मॅट घ्यायचा हट्ट वहिनींचा होता आणि त्याला कारण होतं साडेसहा इंच. अडीच इंचाचे नऊ तुकडे, तीन-तीनच्या ओळी, पाव इंच माया (शिवणीबाहेर कडेला सोडलेलं कापड). जोडून झाल्यावर चौकोन बरोबर साडेसहा इंच भरायला हवा. त्यांचा कधी एक सूत कमी भरायचा, कधी दोन सूत. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तेवढ्याने काय बिघडतं असं मलाही वाटायचं. पण प्रत्येकी एक सूत कमी असलेले आठ चौकोन ओळीत जोडले की ओळ इंचभर आखूड होते. तिच्या शेजारची ओळ बरोबर मापाची असेल तर कोपऱ्याला कोपरा लागत नाही, आणि मग ओढून-ताणून शिवावं लागतं. वहिनींनी सुई बदलली, मशीनचा कापड दाबणारा फूट बदलला, कापायची पट्टी नवी आणली. मायेची रेघ मशीनवर चिकटपट्टी लावून पक्की केली. तरी फरक राहिलाच. दोष शिवणीत नव्हताच, तो इस्त्रीत होता. मऊ गादीच्या टेबलावर शिवण पुरती उघडत नव्हती. शिवणीच्या कडेला कापडाची केसभर घडी उरायची आणि दर शिवणीला तेवढं माप त्या घडीत जायचं.

लोकरीच्या मॅटवर तसं होत नाही. लोकर उष्णता धरून ठेवते, त्यामुळे दोन-चार वेळा इस्त्री टेकवली की कापडाला वरून इस्त्रीची आणि खालून मॅटची अशी दोन्हीकडून ऊब मिळते. शिवाय पृष्ठभाग किंचित खरखरीत असतो, कापड त्याला धरून बसतं, सरकत नाही.

वहिनींचा हात बघण्यासारखा असतो. त्या इस्त्री फिरवत नाहीत, टेकवतात आणि उचलतात. आधी शिवण मिटलेलीच ठेवून तिच्यावर एकदा टेकवायची, म्हणजे दोरा कापडात बसतो. मग वरचा तुकडा डाव्या हाताच्या बोटांनी उलटून माया गडद कापडाच्या बाजूला वळवायची आणि इस्त्रीचं टोक शिवणीवर ठेवायचं. क्षणभर थांबायचं, उचलायचं. पुढे ढकलायचं नाही, कारण ढकललं की उरेब, म्हणजे तिरक्या बाजूचं कापड ताणतं आणि चौकोनाचा पतंग होतो. एका ओळीच्या माया डावीकडे, पुढच्या ओळीच्या उजवीकडे. दोन ओळी एकमेकींवर ठेवल्या की उलट दिशेच्या माया एकमेकींना टेकून अडकतात. वहिनी डोळे मिटून अंगठा आणि तर्जनीने ते सांधे चाचपतात. सांधा बसला की बोटांना आपोआप कळतं. मॅट आल्यापासून त्यांना त्या सांध्यांना टाचण्या लावाव्या लागत नाहीत. मॅटवर दाबलेला पहिला चौकोन त्यांनी पट्टीखाली ठेवला, तो साडेसहा भरला. दुसराही साडेसहा. तिसरा मोजून झाल्यावर त्यांनी पट्टी माझ्या हातात दिली, "अगं, तू मोज एकदा, माझा माझ्यावर विश्वास बसत नाही."

माझ्या कामाला ही मॅट येईल असं मला वाटलं नव्हतं. विणकामाला इस्त्री लावायची नाही हे मी लहानपणापासून ऐकत आले, आणि इस्त्री टेकवायची नाही हे खरंच आहे. टेकवली की टाके चपटे होतात आणि बॉर्डरच्या उलट-सुलट विणीचा सगळा ताण मरतो. पण वाफ देणं वेगळं. मॅटवर टाचण्या सहज टोचता येतात आणि घट्ट उभ्या राहतात. मग विणलेला तुकडा पसरायचा, कडा टाचणीने धरायच्या, आणि वाफेची इस्त्री इंचभर वर धरून वाफ सोडायची. हाताने हलकं थापटायचं आणि पूर्ण वाळेपर्यंत हात लावायचा नाही. सुलट विणीची कड जी सारखी आत गुंडाळते, ती शांत बसते. टाचण्या काचेच्या किंवा धातूच्या डोक्याच्या घ्या. प्लॅस्टिकचं डोकं इस्त्रीखाली वितळतं.

याचा खरा उपयोग मला मापाच्या तुकड्यासाठी झाला. स्वेटर सुरू करण्याआधी मी एक चौकोन विणून टाके मोजते, पण तो भिजवून, ताणून, वाळवून मोजायचा कंटाळा करायचे. या मॅटच्या निमित्ताने तसं केलं. सुईवरून उतरवला तेव्हा १० सेंटीमीटरमध्ये २२ टाके होते. कोमट पाण्यात भिजवून, मॅटवर टाचून वाळवल्यावर २०. लोकर ओली झाली की सैलावते आणि प्रत्येक टाका आपली जागा घेतो, हे वाचलं होतं, पण दोन टाक्यांचा फरक डोळ्यांनी पहिल्यांदा पाहिला. मी छातीच्या १०० सेंटीमीटरसाठी २२० टाके घालणार होते. पहिल्या धुण्यानंतर तो स्वेटर ११० सेंटीमीटरचा झाला असता. मी २०० टाके घातले आणि स्वेटर मापात बसला. महिना-दीड महिन्याचं काम त्या एका चौकोनाने वाचलं.

तो चौकोन टाचताना वहिनी शेजारून म्हणाल्या, "ही ओळ डावीकडे ओढली गेलीय बघ, उरेब झालीय." मला सरळ दिसत होती. त्यांनी आपली चौकटी आखलेली पारदर्शक पट्टी त्याच्यावर ठेवली, आणि रेघेखाली टाक्यांची ओळ तिरकी चाललेली स्पष्ट दिसली. दोन टाचण्या काढून मी पुन्हा लावल्या. तेव्हापासून टाके मोजायला मी टेप सोडली आणि त्यांची पट्टीच वापरते. ती वरून दाबून बसते, वाकत नाही, आणि आतला अर्धा टाकाही मोजता येतो. वीस वर्षं विणते आहे, पण गोधडीची पट्टी विणकामावर ठेवून बघायचं कधी सुचलं नव्हतं.

आता तक्रारी. त्यात एक मोठी आहे.

मॅट थेट लाकडी टेबलावर ठेवू नका. आमच्या टेबलाचं पॉलिश त्यात गेलं. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के ओलावा पोटात घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही. त्या दिवशी वहिनींनी तासभर वाफेची इस्त्री केली होती. मॅट वरून कोरडी, छान उबदार लागत होती, म्हणून आम्ही ती तशीच ठेवून उठलो. दुसऱ्या दिवशी उचलली तर खाली मॅटच्याच आकाराचा पांढुरका डाग. वाफ आणि उष्णता दोन्ही खालपर्यंत पोचली होती. तो डाग अजून आहे. मॅटसोबत आलेल्या कागदावर याबद्दल एक ओळही नव्हती, आणि हे मला मनापासून खटकलं. ज्या वस्तूवर दिवसभर वाफ सोडायची, तिच्याखाली काय ठेवायचं हे सांगायलाच हवं. आता आम्ही खाली जुना जाड टॉवेल दुहेरी घालून त्यावर मॅट ठेवतो. काम झालं की मॅट भिंतीला टेकवून उभी करतो, म्हणजे दोन्ही बाजूंनी वारा लागतो. घडी मात्र घालायची नाही, मधे कायमची वळी पडते.

वास येतो. पहिले काही आठवडे वाफ दिली की ओल्या मेंढीचा वास खोलीभर व्हायचा. मला तो सवयीचा आहे, लोकर भिजवली की येतोच, वहिनींना मात्र खिडकी उघडावी लागायची. दोन-तीन महिन्यांत कमी झाला, पूर्ण गेला नाही.

रंगाचं सांभाळा. वहिनींचं एक गडद लाल कापड वाफेने सुटलं आणि मॅटवर गुलाबी ठसा उमटला. पुढच्याच दिवशी मी पांढरा तुकडा नेमका त्यावर टाचला. त्याची एक कड गुलाबी झाली ती झालीच. तेव्हापासून मॅटची एक बाजू त्यांची आणि एक माझी, कोपऱ्यात दोरा ओवून खूण केली आहे. गोधडीचं कापड आधी धुऊन घेतलं असतं तर हे टळलं असतं, असं वहिनी स्वतःच म्हणाल्या.

इस्त्री मॅटवर उभी करून ठेवा, आडवी विसरू नका. लोकर सहजी पेट घेत नाही, वितळत तर नाहीच, पण करपते. आमचा एक कोपरा पिवळा पडून कडक झाला आहे. दोन छंद एका मॅटवर असले की इस्त्रीची कळ बघायची सवयही लावून घ्यावी लागते. वहिनींच्या सुती कापडाला तीन ठिपके, म्हणजे २०० अंशांपर्यंत, लोकरीला दोन ठिपके म्हणजे १५० अंश. माझ्याकडे अ‍ॅक्रिलिकचं काम असलं तर मी वाफही फार लांबून देते, कारण अ‍ॅक्रिलिकला वाफ जास्त झाली की ते लुळं पडतं आणि पुन्हा कधीच उभारी धरत नाही. लोकरीची चूक पुन्हा भिजवून बहुतेक वेळा सुधारता येते, अ‍ॅक्रिलिकची नाही.

घेताना शंभर टक्के लोकर आहे ना ते बघा. मिश्र धाग्याची मॅट तीन ठिपक्यांच्या इस्त्रीखाली टिकणार नाही. अर्ध्या इंचाहून पातळ घेऊ नका. जमलं तर उजेडासमोर धरा, सगळीकडे सारखी दाट दिसली पाहिजे. विरळ ठिकाणी पुढे खड्डे पडतात. कापून ठेवलेली कड ओढून पाहा, थर सुटत असतील तर परत द्या. कसर लागू नये म्हणून आम्ही ती कधी कपाटात कोंडत नाही, रोज बाहेरच असते. खोलीत वारा खेळता असेल तर एवढं पुरतं.

गोधडी शिवत असाल, विशेषतः लहान तुकड्यांची, तर ही वस्तू नक्की घ्या, मापातला फरक पहिल्याच चौकोनात कळेल. नुसतं विणत असाल तर माझं मत जरा आखडतं आहे. या मापाच्या मॅटवर मापाचे तुकडे, बाह्या, टोप्या, मोजे, जाळीच्या विणीच्या गळपट्टीचा एखादा भाग एवढंच मावतं. स्वेटरची पाठ किंवा शाल मावत नाही. ती मी अजून चादर पसरून जमिनीवरच टाचते. पण घरात एक शिवणारी आणि एक विणणारी असेल, तर निम्मे पैसे घालायला अजिबात मागेपुढे पाहू नका. पूर्वी वहिनी दर दोन शिवणींनी उठून आतल्या खोलीत इस्त्रीला जायच्या. आता इस्त्री आमच्या दोघींच्या मधे असते. त्या शिवत असतात तेव्हा माझी ओळ संपली की त्यांच्या दोन शिवणी मी दाबून देते, आणि जाळीची वीण ताणायची असली की एक बाजू त्या धरतात.

अडचण एकच उरली आहे. शिवण दाबायला क्षण लागतो, पण ओली वीण वाळायला रात्र जाते, आणि तेवढा वेळ मॅट अडून राहते. या क्षणी तिच्यावर माझ्या दोन बाह्या टाचलेल्या आहेत, आणि वहिनी बारा चौकोन शिवून, थप्पी लावून बसल्या आहेत. सकाळपासून त्यांनी तीनदा येऊन बाहीला हात लावून पाहिला. मनगटाशी अजून दमट आहे.