मैफलीआधीची मोकळी सकाळ : द्राक्षमळे, पांडवलेणी की गोदाघाट?

परदेशातून दौऱ्यावर आलेला ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या गाण्यातून आलेले संगीत, गाणारा गायक एका संध्याकाळच्या कार्यक्रमासाठी नाशिकला उतरतो, तेव्हा यजमानांसमोर एक प्रश्न हमखास उभा राहतो. साउंड चेक दुपारी चारला, कार्यक्रम रात्री आठला. मग सकाळी पाहुण्यांना न्यायचे कुठे? बहुतेकांच्या तोंडी पहिले नाव गंगापूर धरणाकडच्या द्राक्षमळ्यांचे येते, दुसरे पांडवलेण्यांचे, आणि गर्दी व अस्वच्छता पाहून पाहुणे काय म्हणतील या संकोचापोटी गोदाघाटाचे नाव सर्वांत शेवटी निघते. माझ्या मते हा क्रम नेमका उलटा असायला हवा. गाणाऱ्या माणसाच्या बाबतीत गळा, वेळ आणि कान या तीन गोष्टी सांभाळून निर्णय घ्यावा लागतो, आणि या तिन्हींचा एकत्र विचार केला की घाटाचे पारडे जड होते.

द्राक्षमळ्यांबद्दल थोडक्यात सांगता येईल. सुला वाइनरी १९९९ साली सुरू झाली आणि तेव्हापासून नाशिकची वाइन देशभर पोहोचली, ही अभिमानाचीच बाब आहे. शहराच्या पश्चिमेला धरणाच्या परिसरात शांतता आहे, हवा चांगली आहे, बसायला सावली आहे आणि इंग्रजी बोलणारे कर्मचारीही आहेत. परंतु जे पाहायला जायचे ते वर्षभर नसते. ऑक्टोबर छाटणीनंतर घड धरतात आणि वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वेलीवर पाहण्यासारखे फारसे उरत नाही. शिवाय तिथे गेल्यावर चव घेणे ओघाने आलेच, आणि मद्याने घसा कोरडा पडतो हे कोणत्याही अनुभवी गायकाला सांगावे लागत नाही. मळ्यांची खरी वेळ सूर्यास्ताची असते आणि त्याच वेळी आपला पाहुणा रंगमंचामागे तयारीत असतो. म्हणून मळे कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवावेत. तेव्हा ते मनापासून अनुभवता येतील.

पांडवलेण्यांची बाजू अधिक भक्कम आहे. मुंबई-आग्रा महामार्गालगत, जुन्या शहरापासून सुमारे आठ किलोमीटरवर त्रिरश्मी डोंगरात ही चोवीस लेणी आहेत. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपल्या मुलाची, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची, थोरवी सांगणारा प्राकृत शिलालेख कोरवून घेतला आहे. दहावे लेणे क्षत्रप राजा नहपानाच्या काळातले, तर अठरावे चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेले प्रार्थनागृह, आहे. तिसऱ्या लेण्याच्या प्रशस्त दालनात मध्ये एकही खांब नाही, आणि नुसते बोलले तरी आवाज भिंतींवरून फिरून परत येतो. पाहुण्यांना तिथे दोन मिनिटे गप्प उभे राहू द्यावे, माहिती बाहेर आल्यावर सांगावी. अडचण चढणीची आहे. पायऱ्या फार अवघड नाहीत, पण उन्हात चढून धाप लागते, तोंडाने श्वास घेतला जातो आणि हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत त्याचा परिणाम संध्याकाळच्या वरच्या पट्टीवर दिसतो. नऊच्या आत वर पोहोचता येत असेल आणि पाहुण्यांची प्रकृती ठणठणीत असेल, तर हा पर्याय उत्तम आहे.

तरीही ब्लूज गाणाऱ्याला गोदाघाट अधिक जवळचा वाटेल, असे मला ठामपणे वाटते आणि त्याची कारणे त्या संगीतातच आहेत. ब्लूजचे एक महत्त्वाचे मूळ मिसिसिपी नदीकाठच्या सखल प्रदेशात, कापसाच्या शेतांत राबणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या गाण्यात आहे. १९२७ साली त्या नदीला महापूर आला, लाखो लोक बेघर झाले आणि गायकांनी त्यावर कितीतरी गाणी रचली. अशा परंपरेतल्या माणसाला रामकुंडाजवळ नेऊन नदीपात्रातली दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती दाखवावी. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीपर्यंत चढले, या मापाने नाशिककर पूर मोजतात आणि १९६९ व २००८ च्या पुरांच्या आठवणी अजूनही घरोघरी सांगितल्या जातात. नदीची भीती आणि नदीचे प्रेम एकाच मूर्तीवर मोजणारे गाव त्यांना परके वाटणार नाही.

तिथून नारोशंकराच्या मंदिराकडे वळावे. वेशीच्या भिंतीतली मोठी घंटा मराठ्यांनी १७३९ मध्ये पोर्तुगिजांवर मिळवलेल्या वसईच्या विजयाची आठवण म्हणून सांगितली जाते. पुढे पंचवटीत काळाराम मंदिर आहे. मंदिराच्या काळ्या पाषाणाचे आणि कोरीव कामाचे कौतुक जरूर करावे, पण २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली याच मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला आणि तो पुढे काही वर्षे चालला, हे सांगितल्याशिवाय तिथून निघू नये. ज्या संगीताने वर्णभेदापायी वेगळ्या दारातून आत यावे लागण्याचे दुःख गायले, त्या संगीताच्या माणसापासून हा इतिहास लपवणे हा आदरातिथ्याचा भाग होऊ शकत नाही. याच पंचवटीत हिंदुस्थानी संगीतातले थोर गायक पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी उत्तरायुष्यात रामनामाचा आश्रम उभारला होता, हेही गायकाला आवर्जून सांगण्यासारखे आहे.

परतताना भांडीबाजारात अर्धा तास तरी काढावा. तिथे पितळी समया, घंटा आणि टाळ मिळतात. टाळांची जोडी निवडताना दुकानदार दोन्ही वाट्या कडेला कड लावून वाजवून दाखवतो. त्या दोन वाट्यांचे सूर तंतोतंत एक नसतात, आणि त्या किंचित फरकामुळेच नाद विरताना थरथरत राहतो. ब्लूजमधला गंधार, म्हणजे ‘ग’ हा स्वर, पुरता कोमलही नसतो आणि पुरता शुद्धही नसतो. दोन्हींच्या मधल्या जागेवर तो रेंगाळतो. त्यामुळे इथे कोणाला काही समजावून सांगावे लागत नाही, चार-पाच जोड्या वाजवू द्याव्यात आणि बाजूला उभे राहावे. पाहुण्यांना एखादी जोडी घ्यावीशी वाटली, तर भावाची बोलणी मात्र आपण करावीत.

घाटाच्या बाजूने एवढे सांगितल्यावर त्याचे दोषही नोंदवायला हवेत. धूप, उदबत्ती आणि वाहनांचा धूर घशाला त्रास देतो, गोंगाटात मोठ्याने बोलावे लागते आणि कुंडाच्या पाण्याची अवस्था पाहून वाईट वाटते. म्हणून सकाळी सातला निघून दहाच्या आत परतावे, मुखपट्टी जवळ ठेवावी आणि माहिती चालताना नव्हे, थांबून हळू आवाजात सांगावी. अमावास्या आणि एकादशी टाळावी. बुधवारी घाटावर आठवडे बाजार भरतो, तो पाहण्यासारखा असला तरी गर्दी झेपणाऱ्या पाहुण्यांनाच त्या दिवशी न्यावे. काळ्या मसाल्याची मिसळ हा नाशिकचा मान आहे, पण झणझणीत तर्री पोटात जाऊन छातीत जळजळ झाली तर गळा बसतो; मिसळीचा बेतही दुसऱ्या दिवशीच्या न्याहारीला, द्राक्षमळ्यांकडे निघण्यापूर्वी ठेवावा.

पावसाळ्यात धरणातून विसर्ग सुरू असेल तर घाटाचा विचार सोडून द्यावा. अशा दिवशी पावसाने उघडीप दिली असेल तर पांडवलेण्यांची हिरवाई पाहावी, नाहीतर पाहुण्यांना सरळ हॉटेलवर विश्रांती घेऊ द्यावी. आदल्या रात्री उशिरा प्रवास करून आलेल्या गायकालाही तोच नियम लागू करावा, मग आपण कितीही उत्साहाने बेत आखलेला असो.