केबिन ‘कन्फर्म’ होती, पैसे भरलेले नव्हते

बुकिंग नंबर खरा होता. क्रूझ कंपनीच्या ॲपवर टाकला की जहाज, केबिनचा प्रकार, पासपोर्टवरचं नाव, सगळं उघडायचं. तरी ५ ऑक्टोबरला बार्सिलोनाहून सुटलेल्या जहाजाच्या यादीत पत्त्यांचा ब्रिज खेळायला निघालेल्या इंदूरच्या बारा जणांपैकी एकाचंही नाव नव्हतं. बारा जणांत दोन निवृत्त बँकवाले होते, एक सीए. सराफ्यात चेन घेताना हॉलमार्क भिंगातून बघणारी मंडळी. म्हणून हे कसं घडलं ते नीट लिहून ठेवतो आहोत.

एप्रिल २०२५ मध्ये व्हॉट्सॲपवर पत्रक आलं: भूमध्य समुद्रात सात रात्री, रोज डुप्लिकेट ब्रिज (तेच डाव सगळ्या टेबलांवर खेळून गुण ताडून बघायचे), सोबत डायरेक्टर (खेळ चालवणारा), माणशी १,४८,००० रुपये, विमानखर्च वेगळा. त्याआधी दोन महिने आयोजक दर गुरुवारी ऑनलाइन जोड्यांचा डाव लावत होता, फुकट, आणि निकाल रात्रीच पाठवत होता. विश्वास तिथे बसला. पुणे, नागपूर, बडोदा आणि इंदूर मिळून सहा टेबलं जमली.

आता मुख्य गोष्ट. क्रूझचं बुकिंग तीन टप्प्यांत होतं. आधी ‘होल्ड’: एजंट काही दिवसांसाठी केबिन अडवून ठेवतो, पैसे शून्य, पण नंबर मिळतो. मग डिपॉझिट, एकूण रकमेचा छोटा हिस्सा. आणि शेवटी फायनल पेमेंट, सात रात्रींच्या सफरीला साधारण ७५ ते ९० दिवस आधी. नंबर तिन्ही टप्प्यांत तोच राहतो. फायनल पेमेंट चुकलं की बुकिंग रद्द होतं आणि डिपॉझिट बहुधा बुडतं. कंपनीच्या लेखी ग्राहक असतो एजंट, त्यामुळे सूचनेची मेलही त्यालाच जाते. ब्रिजच्या भाषेत, बोली लागली होती, हात कुणी घेतलाच नव्हता.

इथे एजंट म्हणजे आयोजकच, आणि लोकांनी त्याला मे महिन्यातच पूर्ण रक्कम दिली. त्याने कंपनीकडे भरलं फक्त डिपॉझिट. मुदत ९० दिवसांची, म्हणजे ७ जुलै. १० जुलैला बाराही जणांची बुकिंगं रद्द झाली. पण ‘काका, निश्चिंत राहा, केबिन कन्फर्म आहे’ हा निरोप सप्टेंबरपर्यंत येत राहिला. मे महिन्यात ॲपवर एकदा नाव दिसल्यावर पुन्हा ते उघडून बघायचं कुणाला सुचलं नाही.

तेव्हा नंबर हातात आल्यावर बघायचं ते ‘बाकी किती’. एजंटच्या बुकिंगमध्ये रक्कम कधी कधी ॲपवर दिसत नाही. मग कंपनीच्या भारतातल्या कार्यालयाला फोन करून विचारा: हे बुकिंग चालू आहे का, आणि फायनल पेमेंटची तारीख कोणती? एजंटचा हिशोब ते तुम्हाला सांगणार नाहीत, पण एवढं बहुधा सांगतात. त्या तारखेनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी तोच फोन पुन्हा करा. बहुतेक कंपन्या पूर्ण पैसे आल्याशिवाय ई-तिकीट काढत नाहीत, त्यामुळे ‘कागद सुटायच्या आदल्या आठवड्यात मिळतील’ हे वाक्य ऐकलं की सावध व्हायचं. आणि आपला हप्ता आयोजकाला त्या तारखेच्या फार आधी द्यायचं काही कारण नसतं.

खरं तर खोट पत्रकातच दिसत होती. जहाज बंदरात असतं त्या दिवशी माणसं खाली उतरतात, ब्रिज होत नाही. क्रूझवरचा ब्रिज असतो तो समुद्रातल्या दिवसांचा. मार्ग होता बार्सिलोना, मार्सेय, जेनोआ, नेपल्स, मेसिना, व्हॅलेटा आणि परत बार्सिलोना. यात समुद्रातला पूर्ण दिवस एकच. ‘रोज ब्रिज’ कुठून होणार? खेळण्यासाठीच जायचं असेल तर भूमध्य समुद्राची ही फेरी जवळपास सगळ्यांत वाईट निवड. अलास्काच्या सात रात्रींत असे दोन दिवस तरी मिळतात. वसंतात आणि शरदात जहाजं एका समुद्रातून दुसऱ्यात हलवतात त्या सफरीत पाच-सहा सलग मिळतात. क्वीन मेरी २ साउदॅम्प्टनहून न्यूयॉर्कला सात रात्रींत जाते, मध्ये बंदरच नाही. (तिथे नवऱ्याला किंवा बायकोला ब्रिज येत नसेल तर काय करायचं, हा प्रश्न आम्ही सोडवू शकत नाही.)

पत्रकात ब्रिजची वेळ होती संध्याकाळी ५ ते ६.३०. एका बोर्डाला (म्हणजे आधीच वाटून ठेवलेल्या एका डावाला) साडेसात मिनिटं धरली तर दीड तासात बारा बोर्ड. नेहमीच्या डुप्लिकेटला चोवीस-पंचवीस बोर्ड आणि तीन तास लागतात. हे लिहिणाऱ्याने एकही सेशन चालवलेलं नसावं.

डायरेक्टर खरा आहे का, हे फोनवर कळतं. विचारा: सहा टेबलं, मिचेल (जोड्या आणि बोर्ड टेबलांवर फिरवण्याची एक पद्धत) लावलं, तिसऱ्या फेरीनंतर काय कराल? उत्तर-दक्षिणच्या जोड्या जागेवर, पूर्व-पश्चिमच्या एक टेबल पुढे, बोर्ड एक टेबल मागे, असं चालवत गेलं की चौथ्या फेरीला पूर्व-पश्चिमच्या जोडीपुढे पहिल्या फेरीचेच बोर्ड येतात. म्हणून तिसरीनंतर त्यांना एक टेबल ओलांडून बसवायचं, आणि पाच फेऱ्यांत पाच-पाच बोर्डांनी पंचवीस पूर्ण करायचे. जाणकार हे विचार न करता सांगतो, किंवा बोर्ड वाटून घेण्याची दुसरी रीत सांगतो. पत्रकातला ‘डायरेक्टर’ म्हणाला, जहाजावर गेल्यावर ठरवू.

साहित्याचंही विचारा. जहाज टेबलं-खुर्च्या देतं. बिडिंग बॉक्स (बोलीच्या कार्डांचे डबे), बोर्ड, पत्ते बहुधा आपण न्यायचे. सहा टेबलांना पाच-पाच बोर्ड म्हणजे तीस गड्ड्या, त्यांचं वजनच अडीच-पावणेतीन किलो, ते कुणाच्या बॅगेत जाणार हे खऱ्या आयोजकाला पाठ असतं. खोली कोणती, कोणत्या वेळेला, याचं कंपनीच्या ग्रुप विभागाचं पत्र मागा. ते नसेल तर बुफेच्या कोपऱ्यात प्लेटा आवरेपर्यंत उभं राहावं लागतं.

पैशाच्या बाजूला दोन खुणा होत्या. पत्रकावर ‘प्रा. लि.’ होतं आणि खाली जीएसटी नंबर. या पंधरा अक्षरांत पहिले दोन अंक राज्याचे (मध्य प्रदेश २३, गुजरात २४, महाराष्ट्र २७), पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. पॅनचं चौथं अक्षर, म्हणजे जीएसटी नंबरातलं सहावं, कंपनी असेल तर ‘सी’ असतं, एकट्या माणसाचं असेल तर ‘पी’. इथे ‘पी’ होतं. पैसेही बचत खात्यात मागवले होते, ‘कार्डाला अडीच टक्के जास्त पडतील’ असं सांगून. कार्डाने भरले असते तर निदान बँकेकडे वाद मांडता आला असता.

दुसरी खूण टीसीएसची, म्हणजे विकणाऱ्याने आपल्याकडून घेऊन सरकारकडे भरायच्या आयकराची. परदेश सहलीवर तो ५ टक्के लागत होता, म्हणजे माणशी ७,४०० रुपये, आणि ते वेगळे घेतले गेले. एप्रिल ते जून तिमाहीचं टीसीएस विवरण १५ जुलैपर्यंत भरायचं होतं. त्यानंतर थोड्या दिवसांत रक्कम आपल्या २६एएस मध्ये (आपल्या पॅनवर जमा झालेल्या कराचा उतारा) दिसायला हवी होती. दिसली नाही, कारण भरलीच नव्हती. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कुणी बघितलं असतं तर विमानाची तिकिटं तरी त्या वेळी रद्द करता आली असती.

एकट्या खेळाडूंना ‘केबिनचा सोबती आम्ही शोधू, जादा आकार नाही’ असं सांगितलं होतं. क्रूझचे दर दोघांच्या केबिनवर माणशी असतात; एकटा गेला तर अनेकदा जवळपास दोघांचे भरावे लागतात. सोबत्याचं नाव बुकिंगवर चढेपर्यंत ही सवलत तोंडी.

फसवणूक कळली की १९३० वर (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) नोंद प्रत्येकाने आपापली करायची, बारा जणांची एक नाही. ग्राहक आयोगात आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षं, पाच लाखांपर्यंत फी नाही. पोलीस चौकीत ‘हा दिवाणी मामला’ असं ऐकायला मिळेल, म्हणून हेतू दाखवणारे कागद पुढे ठेवायचे. इथे सगळ्यांत उपयोगी ठरला तो आयोजकाचाच कागद: केबिन कन्फर्म असल्याचं लेटरहेडवरचं पत्र, तारीख २४ जुलै. बुकिंग रद्द झाल्याला त्या दिवशी दोन आठवडे झाले होते. रद्द झाल्याची तारीख क्रूझ कंपनीकडून मेलवर लेखी मागवा, आणि व्हॉट्सॲप ग्रुपमधून कुणी काढून टाकायच्या आत पूर्ण चॅट एक्स्पोर्ट करून घ्या. इंदूरच्या ग्रुपमधले जुलैचे सहा निरोप आयोजकाने पुसले होते. ते सापडले ते फक्त एका मावशींच्या स्क्रीनशॉटमध्ये.