घोसाळ्याच्या जाळीवरचा सिरका: नऊ महिने वापरून काय वाटलं

पोळ्याच्या टायमाला सुरू केलं होतं, आता मे संपायला आला, म्हणून लिहायलो. आधी उसाच्या रसाचा सिरका (व्हिनेगर) माठात करायचो, फडकं बांधून दीड महिना वाट बघायची, कारण आंबलेल्या रसातल्या दारूचा सिरका करणारे जंतू हवेशिवाय काम करत नाहीत आणि माठात हवा फक्त वरच्या थराला. जर्मनीत शुत्झेनबाख नावाच्या माणसानं 1823 ला बीचच्या लाकडाच्या कुरळ्या ढलप्यांवरनं दारू झिरपवून यावर तोड काढली होती, मग म्हणलं आपल्याकडं बीच कुठून आणायचं, बांधाला घोसाळी वाळून लोंबतातच की.

पहिल्यांदा ड्रमात उसाचं चिपाड भरलं होतं. फसलं! ओलं झालं की दबून बसतं, हवा बंद. घोसाळ्याची जाळी दबत नाही. साल काढायची, बिया झटकायच्या, वीस मिनिटं उकळायचं (पिवळं पाणी फेकून द्या, नाहीतर वास येतो), वाळवून जुन्या सिरक्यात दिवसभर बुडवायची, जंतू आपोआप चिकटतात, गोंद लागत नाही. पन्नास लिटरच्या ड्रमात जाळ्या, बुडाला हवेची भोकं, खाली टब आणि फिशटँकचा पंप, आंबवलेला रस वरून परत परत झिरपतो. आठ-नऊ दिवसांत काम होतं. भाचा कॉलेजात टायट्रेशन (ॲसिड किती ते मोजायची चाचणी) करतो, साडेचार टक्के ॲसिड येतं, कायद्याला 3.75 लागतं. लाइट चार तास गेली तरी बिघडत नाही, जाळी ओली असते अन् हवा असतेच.

आता रडगाणं. जानेवारीत धार कमी झाली, ड्रम उघडला तर जाळीच्या पोकळ्यांत मलईसारखं बुळबुळीत साचलेलं, ते सिरक्याचे जंतूच बनवतात, सेल्युलोज असतं. बोटानं ओढलं तर अख्खी चिंधी हातात आली. तेव्हापासून दर महिन्याला थोड्या थोड्या जाळ्या बदलतो, सगळ्या एकदम बदलल्या तर जंतूच उरत नाहीत, हे पण एकदा करून बसलोय. आणि मे मधी लातूरचं ऊन! जंतूंना तीस डिग्रीच्या आसपास मानवतं, इथं बेचाळीस, ड्रमला ओलं पोतं गुंडाळलं तरी पंधरा-सोळा दिवस लागायलेत. चिलटांचं तर विचारूच नका, भोकांना मच्छरदाणी लावा.

मधी रस आंबवणाऱ्या यीस्टसाठी अल्जिनेटचे (समुद्री शेवाळापासनं मिळणारा जेलीसारखा पदार्थ, त्यात यीस्ट कोंडायचं) गोळे पण करून बघितले, यीस्टच्या गॅसनं आतूनच तडकले, खर्च वाया.

या पावसात चार वेल जास्तीचे लावायचेत. आई कोवळी घोसाळी भज्यासाठी तोडून नेते, त्यावरून रोज भांडण चालूच आहे.