पडीक इमारत: परवानगी काढून आत की बाहेरूनच झूम?

फोटो बाहेरून काढायचे तर 70-200 मिमीची झूम लेन्स (लांबचं जवळ आणणारी) घ्या आणि सार्वजनिक रस्त्यावर उभे रहा, बऱ्याच देशांत एवढ्याला कोणी अडवत नाही, पण मिळतं काय तर भिंती आणि फुटक्या खिडक्या. खरी मजा आतच, जिने, पोपडे, छपरातून येणारा उजेड. फक्त दार उघडं दिसलं म्हणजे परवानगी मिळाली असं नसतं हां, मालकाकडून लेखीच घ्या. शिवाय जुन्या बांधकामात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, त्याचे बारीक तंतू श्वासातून गेले तर घातक, तिथे सर्जिकल मास्क काही कामाचा नाही, एफएफपी3 (बारीक धूळ गाळणारा, घट्ट बसणारा मास्क) लागतो, आणि लाकडी फ्लोअरवर मधून नाही, भिंतीच्या कडेने चाला, सोबत कोणीतरी हवंच. एकटे असाल किंवा मालकच सापडत नसेल तर बाहेरूनच काढा, तिरप्या उन्हात तेही भारी येतात.