नौपाड्यातून जर्मनीला गेलेली फराळाची पेटी

माझी मुलगी जर्मनीतील आखन येथे पदव्युत्तर शिक्षण घेते आणि 2025 ची दिवाळी ही तिची घराबाहेरची पहिली दिवाळी होती. फराळ स्वतः करून पाठवण्याचा माझा बेत कुरिअरच्या खिडकीवरच बारगळला, कारण तेथे प्रत्येक पदार्थातील घटकांची छापील यादी, वेष्टनावर अन्नपरवान्याचा 14 अंकी क्रमांक आणि दुकानाची पावती मागण्यात आली, आणि यांपैकी एकही गोष्ट माझ्या डब्यांपाशी नव्हती. शेवटी कोजागरीच्या दिवशी, 6 ऑक्टोबरला, मी ठाण्याच्या नौपाड्यात गोखले रस्त्यामागच्या गल्लीत दोन खोल्यांत चालणाऱ्या एका गृहोद्योगाकडे ‘परदेशी पेटी’ची मागणी नोंदवली. हे परीक्षण त्या पेटीचे आहे. त्यात चवीविषयी थोडे आणि बांधणीविषयी अधिक आहे, कारण खरे पैसे बांधणीचेच मोजावे लागतात.

येथे मागणी घेताना पहिला प्रश्न ‘काय हवे’ हा नसून ‘कोणत्या देशात’ हा असतो, आणि तो का, हे वही सांभाळणाऱ्या काकूंनी न कंटाळता समजावून सांगितले. युरोपीय संघात बाहेरच्या देशांतून येणाऱ्या खासगी पार्सलांमध्ये दूध आणि दुग्धजन्य पदार्थांना मनाई आहे. म्हणजे खव्याची करंजी तर बादच, पण ज्याला आपण दुधाच्या पदार्थांत मोजतही नाही ते साजूक तूपसुद्धा त्याच वर्गात पडते. खसखशीचे उलटे आहे. संयुक्त अरब अमिरातीत ती अमली द्रव्यांच्या कायद्यात अडकते, त्यामुळे दुबईच्या पेटीत अनारसे घालत नाहीत. जर्मनीत मात्र खसखशीचे केक बेकरीत उघड विकले जातात. तेव्हा माझ्या पेटीत भाजणीची चकली, कडबोळी, पातळ पोह्यांचा चिवडा, शेव, शंकरपाळे, बेसनाचे लाडू आणि अनारसे असे ठरले, सगळे तेलातले किंवा वनस्पती तुपातले, आणि सोबत उटण्याची पुडी व दोन पणत्या.

बांधणी पाहण्यासारखी होती. चकलीच्याच घेराच्या सरळ, अरुंद बरण्यांत चकल्या बांगड्यांसारख्या एकावर एक रचून प्रत्येक दोन चकल्यांमध्ये बटर पेपरची गोल चकती घातली होती, आणि झाकणाखाली उरलेली जागा कागदाच्या बोळ्याने अशी भरली होती की बरणी हलवली तरी आवाज येऊ नये. 24 चकल्यांपैकी 22 अखंड पोहोचल्या; आमच्याकडे स्वयंपाकघरातून दिवाणखान्यात येईपर्यंत याहून जास्त मोडतात. चिवड्याच्या पिशवीतली हवा मात्र काढत नाहीत, कारण हवा ओढली की पोह्यांचा चुरा होतो. हे योग्यच आहे, पण त्याची किंमत मोजावी लागते. कुरिअरवाले प्रत्यक्ष वजन आणि आकारमानावरून काढलेले वजन यांपैकी जे जास्त भरेल ते धरतात. पेटी 40 बाय 30 बाय 25 सेंटीमीटरची होती. या तिन्हींच्या गुणाकाराला 5000 ने भागले की 6 किलो येतात, आणि आतला ऐवज बरण्यांसकट जेमतेम साडेतीन किलोंचा होता. फराळाचे 2,350 रुपये झाले आणि तो पोहोचवण्याचे 4,620. हा हिशेब मला पैसे भरतेवेळी कळला. देशाविषयी इतके बारकाईने सांगणाऱ्या माणसांनी पेटीचे माप आधी सांगायला हरकत नव्हती. ज्यांना खर्च आवरायचा असेल त्यांनी चिवडा कमी करून कडबोळी आणि लाडू वाढवावेत.

कागदपत्रांत त्यांचा हात धरणारा कोणी नसावा. पाठवणारा म्हणून त्यांनी दुकानाचे नव्हे, माझे नाव घातले, कारण एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला पाठवलेली 45 युरोपर्यंतची भेट तेथे सीमाशुल्क आणि आयातकर या दोन्हींतून सुटते, आणि दुकानाने पाठवलेला माल या सवलतीत बसत नाही. आठ तारखेला निघालेली पेटी सतरा तारखेला, बरोबर वसुबारसेला, मुलीच्या हाती पडली आणि तिला एक सेंटही भरावा लागला नाही.

नरक चतुर्दशी सोमवारी होती आणि तिला सकाळचे व्याख्यान होते. आखनमध्ये ऑक्टोबरच्या त्या आठवड्यात सूर्य आठच्या सुमारास उगवतो, त्यामुळे साडेसातला उठूनही तिचे अभ्यंगस्नान सूर्योदयापूर्वीच झाले. ठाण्यात असताना हे भाग्य तिला कधी लाभले नव्हते. कारीट पाठवणे शक्यच नव्हते, तेव्हा तिने एक चेरी टोमॅटो पायाखाली फोडला. पणत्यांपैकी एक फुटून आली होती, आणि दुसरी वसतिगृहातल्या धूरसूचक यंत्राच्या धास्तीने खिडकीबाहेरच्या कठड्यावर लावावी लागली.

चवीबद्दल सांगायचे तर चकली खुसखुशीत आणि भाजणी खमंग होती, कडबोळी त्याहून सरस. लाडू मात्र वनस्पती तुपामुळे टाळूला चिकटत होते. नियमापुढे इलाज नाही हे मान्य आहे, पण बेसन आणखी भाजले असते तर निदान कच्चट वास आला नसता.

माझी खरी तक्रार अनारशांची आहे. छापील यादीत ते होते. पेटीत त्यांच्या जागी शंकरपाळ्यांची जास्तीची पिशवी निघाली, आणि मला कोणी साधा फोनही केला नव्हता. चवीपेक्षा हा प्रश्न यादीचा आहे. सीमाशुल्काच्या तपासनिसाने पेटी उघडली असती आणि यादी व ऐवज जुळले नसते, तर उत्तर माझ्या मुलीला द्यावे लागले असते, तेही जर्मन भाषेत. दिवाळी उलटल्यावर मी हे सांगायला गेले तेव्हा काकूंनी चूक लगेच मान्य केली. “ताई, पीठ सैल झालं, कढईत सोडले की अनारसे हसायला लागले, आणि याद्या आधीच छापून झाल्या होत्या,” असे त्या म्हणाल्या (अनारसे हसणे म्हणजे ते तेलात विरघळून सुटणे), आणि फरकाचे पैसे त्यांनी तिथल्या तिथे परत केले.

2026 चे लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे आणि माझी मागणी पुन्हा कोजागरीच्या आसपास यांच्याकडेच जाईल. अनारसे तळून झाल्याशिवाय यादी छापू नका, एवढे मी बजावून ठेवले आहे. काकूंनी वहीत माझ्या नावापुढे ‘अनारसे’ लिहिले आणि क्षणभर विचार करून कंसात ‘हसले नाहीत तर’ अशी भर घातली.