डॉमिनंट तारा हिंदुस्थानी व्हायोलिनवर: तीन घ्या, पहिली वेगळी निवडा

व्हिएन्नाच्या थॉमास्टिक-इनफेल्ड कंपनीच्या डॉमिनंट तारा जगभरच्या विद्यार्थ्यांच्या व्हायोलिनवर गेली पन्नास वर्षे दिसतात. गाभा पर्लॉनचा, म्हणजे नायलॉनच्या जातीचा, आणि त्यावर धातूचे वेष्टण. पहिली, म्हणजे सर्वांत उंच स्वराची, तार तेवढी पोलादी. नाद पोलादी सेटपेक्षा गोल आणि खोल. मात्र या तारांची जाडी चौथीपासून पहिलीपर्यंत जी-डी-ए-ई या पाश्चात्त्य मेळासाठी बेतलेली आहे. आपण तशा लावत नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे.

पुरुष गायकाच्या साथीला सा काळी एक (पेटीची पहिली काळी पट्टी) धरून चौथीपासून पहिलीपर्यंत प-सा-प-सा लावले की चौथी तार अर्धा स्वर चढते, दुसरी आणि तिसरी अर्धा स्वर उतरतात, पहिली मात्र तब्बल दीड स्वर खाली येते. ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे चौथीवर सुमारे १२ टक्के जास्त ताण, मधल्या दोघींवर ११ टक्के कमी आणि पहिलीवर २९ टक्के कमी. अशी ढिली पहिली तार गजाचा जरा जोर पडला की चिरकते, आणि तार सप्तकातली मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणे) पोकळ लागते. दोष तारेचा नाही, ती आपल्या जागी नाही इतकेच. स्त्री गायिकेसाठी काळी चारवर सा-प-सा-प लावल्यास फरक चारही तारांवर ११-१२ टक्क्यांच्या आतच राहतो आणि हाच सेट एकदम समतोल वाटतो.

म्हणून काळी एक किंवा पांढरी एकमध्ये वाजवणाऱ्यांनी खालच्या तीन तारा मध्यम जाडीच्या घ्याव्यात आणि पहिली स्टार्क, म्हणजे जाड, वेगळी मागवावी. चौथी फारच ताठ वाटली तर तीच वाइश, म्हणजे हलक्या ताणाची घ्यावी. पहिली मागवताना टोक बघा: दोन काट्यांच्या फाइन ट्यूनरला (स्वर बारीक जुळवण्याच्या स्क्रूला) मणी लागतो, एका आकड्याच्या ट्यूनरला फास. इथे चूक झाली की दुकानात परत फेरी ठरलेली.

चढवताना एका वेळी एकच तार बदलावी. चारही एकदम सोडल्या तर घोडी (तारा पेलणारा लाकडी पूल) पडते आणि आतला साउंडपोस्ट, म्हणजे वाद्याच्या पोटातली उभी काडी, हीही कोलमडू शकते. ती परत उभी करणे घरचे काम नव्हे. नट (खुंट्यांजवळची खाचांची पट्टी) आणि घोडीच्या खाचांत मऊ पेन्सिलचे शिसे घासावे. नवी तार ताणली जाताना घोडी फिंगरबोर्डकडे झुकते. टेलपीसकडची (तारांची खालची टोके अडकतात तिकडची) तिची बाजू व्हायोलिनच्या वरच्या पाटीशी काटकोनात आहे ना, हे पहिल्या आठवड्यात रोज पाहावे आणि दोन्ही हातांनी हळूच सरळ करावी. पहिल्या तारेवरची छोटी नळी घोडीवर सरकवावी, नाहीतर तार लाकडात रुतते. घोडीवर आधीच चामड्याचा तुकडा असेल तर नळी नको.

सुरुवातीचे दोन-तीन दिवस आवाज पत्र्यासारखा येतो आणि तार सतत उतरते. पर्लॉन ताणून बसायला वेळ घेतोच, तेव्हा कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी हा सेट चढवू नये. उलट बसल्यावर खुंटीनेही नीट सुरात येतो. पोलादी तारेत खुंटी केसभर हलली तरी स्वर उडी मारतो. त्यासाठी चारही तारांना फाइन ट्यूनर लागतात.

मांडी घालून, व्हायोलिनचे डोके उजव्या पावलावर टेकवून वाजवले की डावा हात पूर्ण मोकळा असतो. व्हायोलिनवादक डी. के. दातार किंवा एन. राजम यांच्या गायकी अंगाच्या, म्हणजे गाण्यासारख्या, वादनात दिसणारी लांब मींड याच मोकळेपणावर उभी आहे. मींड ओढताना बोट तारेवरून सतत घासते आणि दुसऱ्या तारेचे अ‍ॅल्युमिनियमचे वेष्टण सर्वांत आधी झिजते. घामट हातांना तर लवकरच. बोटे सरकावीत म्हणून लावलेले खोबरेल गजाच्या केसांवर गेले की राळ पकड सोडते. लावायचेच तर थेंबभर आणि फक्त डाव्या बोटांना. वादन संपल्यावर कोरड्या फडक्याने तारा पुसाव्यात. स्पिरिट वापरू नये, वार्निशवर उडाले तर डाग कायमचा.

रोज दोन तास रियाज असेल तर तारांचे आयुष्य चार ते सहा महिने धरावे. तार तुटायची वाट बघत बसू नये. शेजारच्या तारांवर एकाच आडव्या रेषेत बोट ठेवूनही स्वरांचा मेळ बसेना, किंवा बोटाखाली खाच लागू लागली, की तार संपली.

गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रवेशिका पूर्ण परीक्षेपर्यंत डिअ‍ॅडॅरिओ प्रिल्यूडसारखा साधा पोलादी सेट पुरतो: स्वस्त, टिकाऊ, तासाभरात स्थिर. त्यापुढच्या मध्यमा परीक्षेला आलापाची लांबी वाढते तेव्हा डॉमिनंटवर पैसे घालावेत. पेटीसोबत आलेल्या स्वस्त व्हायोलिनची घोडी जाड आणि उंच असेल तर मात्र आधी ती छाटून बसवून घ्यावी. तशा वाद्यावर हा सेट आणि प्रिल्यूड यांतला फरक फारसा ऐकू येत नाही.