8×42 दुर्बीण: दयाळसाठी घेतली, दगडफुलालाही लागू पडली

नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ राहते, त्यामुळे पांडवलेण्याच्या पायथ्याचं नेहरू वनोद्यान मला जवळचं. दुर्बीण घेतली ती तिथल्या दयाळ पक्ष्यासाठी. एप्रिलात नर उजाडायच्या आधीच शेंड्यावर बसून गायला लागतो आणि तेव्हा उजेड बेताचाच असतो. 42 मिमीची भिंगं आणि 8 पट मोठं दिसणं, यात डोळ्यापर्यंत सव्वापाच मिमी रुंद उजेडाचा झोत पोचतो. 10×42 मध्ये जेमतेम सव्वाचार. पहाटे हा फरक कळतो. काळ्या पाठीवरची निळी झाक, पंखावरचा पांढरा पट्टा, शीळ घालताना थरथरणारा गळा, सगळं स्वच्छ दिसलं.

फोकसचं चाक मात्र जड आहे. दयाळ किड्यासाठी जमिनीवर झेपावतो, तेवढ्यात ते फिरवून होत नाही. पक्षी बघायच्या दुर्बिणीत हा मोठा दोष, एक तारा त्यासाठीच कापलाय.

दगडफूल कुठे पळत नाही. दुर्बीण उलटी धरून मोठ्या भिंगातून बघायचं आणि वस्तू दुसऱ्या टोकाच्या भिंगापासून इंचभरावर धरायची. काळ्या मसाल्यासाठी आणलेलं दगडफूल मी असंच न्याहाळलं. बाजारच्या दगडफुलात बरेचदा एकाहून जास्त जाती असतात. त्यातली परमोट्रेमा पर्लॅटम ही जात वरून राखाडी, खालून काळं, आणि काठावर पिठासारखी भुकटी. ती भुकटी बघून मी तव्यावरचा मसाला विसरले! दगडफूल म्हणजे बुरशी आणि शेवाळ यांची जोडी, आणि त्या भुकटीच्या कणाकणात बुरशीचे धागे आणि शेवाळाच्या पेशी दोन्ही असतात. कण वाऱ्यापावसाने दुसऱ्या झाडाच्या सालीवर पडून रुजला, की तिथे त्याच जोडीचा संसार सुरू. दयाळला त्यासाठी किती खटाटोप! हद्द गाऊन राखायची, मादीला रिझवायचं, घरट्याला ढोली शोधायची. दगडफूल जोडीदाराला सोबत घेऊनच निघतं. हे आधी वाचलं होतं, पण ती भुकटी डोळ्यांनी बघणं वेगळंच.

गळ्यातला पट्टा बारीक आहे, मानेला काचतो, तेव्हा रुंद पट्टा वेगळा घ्या. चष्मेवाल्यांनी डोळ्याकडची रबरी कडी आत फिरवून पूर्ण गोल दिसतो का ते दुकानातच बघावं. आणि तिथेच दुर्बीण उलटी करून अंगठ्याच्या रेषा बघा. त्या मधोमध स्पष्ट दिसत नसतील, तर दुसरा नग मागा.